‘अजून येत नाही’चा रकाना

ओमानमधल्या बरक्याजवळच्या एका कंपनीत मी स्टोअरकीपर आहे. पाण्याच्या मोठ्या पंपांचे सुटे भाग आमच्याकडे येतात. कोणता भाग कोणत्या रॅकवर आहे, कधी आला, कधी गेला, याची नोंद ठेवणं हे माझं काम, गेली एकोणीस वर्षं. त्यामुळे आजारी पडलो तेव्हाही मी नोंदीच ठेवल्या. हाताने लिहिता येत नव्हतं त्या दिवसांत मुलीकडून लिहून घेतल्या. जीबीएस नावाचा आजार ज्यांच्या घरात नुकताच आला आहे, त्यांच्यासाठी त्या वहीवरून हे लिहीत आहे.

आजाराची माहिती डॉक्टर देतील, आणि इंटरनेट न मागता देईल. माझ्यापुरतं एवढंच: शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर तुटून पडली, आणि पायांपासून सुरुवात होऊन एकेक अवयव माझं ऐकेनासा झाला. पुढे ते परत ऐकू लागले. हळू.

शेवट आधीच सांगून टाकतो, कारण मी अंथरुणावर असताना लोकांचे असे अनुभव वाचायचो तेव्हा आधी शेवटचं पान बघायचो. मी चालतो. काठी घेऊन, पण चालतो. आता निवांत वाचा.

शुक्रवारचं जपानी

आजाराच्या आधीचा एक शुक्रवार सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी मुलगी केतकी तेव्हा बारावीत होती. तिला जपानी शिकायचं वेड. का, ते मला विचारू नका, तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना आहे. पुण्याच्या एक बाई ऑनलाइन शिकवतात, त्यांना सेन्सेई म्हणायचं. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, सीबच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला जायचा. आमच्या स्टोअरमध्ये जपानहून खोके येतात. त्यांच्यावरची अक्षरं मी इतकी वर्षं नुसती बघत आलो होतो, म्हणून मीही शेजारी वही घेऊन बसायला लागलो. सेन्सेईंची हरकत नव्हती. केतकीची थोडी होती.

“बाबा, प्लीज कॅमेऱ्यात येऊ नका. आणि मोठ्याने रिपीट करू नका.”

त्या शुक्रवारी धडा होता, काय करता येतं आणि काय येत नाही ते सांगण्याचा. सोपा आहे. देकिमास म्हणजे येतं. देकिमासेन म्हणजे येत नाही. आधी क्रियापद, मग ‘कोतो गा’, मग देकिमास. ओयोगु म्हणजे पोहणं. ओयोगु कोतो गा देकिमास, म्हणजे पोहता येतं.

केतकीने मराठीत सांगितलं, “मी पोहू सकते.”

“सकते हे हिंदी झालं,” मी म्हणालो. “मला पोहता येतं.”

“मला का? पोहणारी तर मीच आहे ना?”

सेन्सेई हसल्या. म्हणाल्या, “देकिमासचं मूळ रूप देकिरु, त्याचा जुना अर्थ बाहेर येणं असाच आहे, केतकी सान. आपल्या मराठीतही ‘येतं’च म्हणतात. म्हणजे तुम्हाला हा धडा फुकटात मिळाला.”

गृहपाठ होता पानाच्या मधोमध रेघ मारायचा. डावीकडे दहा येणाऱ्या गोष्टी, उजवीकडे दहा न येणाऱ्या. डावा रकाना मी पाच मिनिटांत भरला. उजवीकडे तीनच लिहिल्या: पोहणं, गाणं, जपानी.

“दहा सांगितल्यात, बाबा.”

“मला न येणारं एवढंच आहे.”

मी हे गमतीने म्हणालो, पण त्यामागे सवय होती. साहेबाने विचारलं ‘होईल का’, की आधी हो म्हणायचं आणि कसं होईल ते मागाहून बघायचं, ही गल्फमधली आमची रीत. ‘जमणार नाही’ म्हणणारा माणूस इथे एकोणीस वर्षं राहत नाही.

निदानाचा दिवस

सप्टेंबर. गुरुवारी तळपायांना मुंग्या. नवीन सेफ्टी शूज चावत असतील म्हणून जुने घातले. शनिवारी दुसऱ्या मजल्यावरच्या घराचा जिना चढताना कठड्याला धरून थांबलो. रविवारी शर्टाची बटणं वैशालीने, माझ्या बायकोने, लावून दिली. सोमवारी सकाळी पलंगावरून उठलो आणि सरळ खाली बसलो.

“अहो, दवाखान्यात चला.”

“आज कंटेनर येणार आहे.”

“कंटेनर येईल त्याच्या चाकांवर. तुमचे पाय कुठे आहेत ते बघा.”

वैशाली साताऱ्याची आहे. तिचा आवाज चढला की मी वाद घालत नाही.

इस्पितळात डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटा हातोडा मारला. पाय हलला नाही. दुसरा मारला. तोही नाही. डॉक्टर तोपर्यंत हसून बोलत होते, मग ते हसायचे थांबले. दुपारी पाठीच्या कण्यातून पाणी काढलं आणि संध्याकाळी नाव कळलं. मी पेन मागितलं, स्पेलिंग लिहून घ्यायला. पेन बोटांतून चादरीवर पडलं. मला भीती वाटली ती तेव्हा. आजाराच्या नावाने वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी आमचे मॅनेजर खालिद साहेब भेटायला आले, खजुराचा डबा घेऊन. ओमानी माणूस, मोकळा. वर्षानुवर्षं आमच्यात राहून त्यांचं हिंदी आमच्याइतकंच मोडकं झालं आहे.

“डिसेंबर तक आराम, सुधाकर. तेरा कुर्सी किसी को नहीं देगा. जनवरी में काम पे आ जा, इन्शाल्ला.”

त्यांनी हे प्रेमाने सांगितलं. मी ती शेवटची तारीख म्हणून ऐकली. माझी नोकरी म्हणजे आम्हा तिघांचा व्हिसा. केतकीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, इथल्या शाळेतून. जानेवारीत मी उभा राहिलो नाही तर परीक्षेच्या तोंडावर गाशा गुंडाळायचा, आणि मुलीचं वर्ष जायचं. पुढचे चार महिने मला दुसरा विचार नव्हता.

ऑल ओके

आता माझी चूक. हा भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

वॉर्डात रोज सकाळी सिस्टर बिन्सी यायच्या. केरळच्या, पन्नाशीच्या, फार नेमक्या. त्या विचारायच्या, श्वास कसा आहे, लघवीला होते का, पाणी पिताना ठसका लागतो का. मी म्हणायचो, “ऑल ओके, सिस्टर.”

ऑल ओके नव्हतं. तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपासून पाण्याचा घोट घशात अडून राहत होता, आणि गिळलं की नाही तेच कळत नव्हतं. मी कोणी नसताना खोकून घ्यायचो.

का? कारण सिस्टरच्या हातात फाइल होती. नोंदवहीत कमतरता चढली की वरून विचारणा होते, म्हणून ती चढण्याआधीच गुपचूप भरून काढायची, ही स्टोअरमधली माझी पद्धत. आणि आम्हा बाहेरून आलेल्या लोकांना मेडिकलच्या कागदाची धास्ती पहिल्या दिवसापासून असते. मला वाटलं, फाइलमधल्या प्रत्येक ‘नाही’चा रस्ता खालिद साहेबांच्या टेबलाकडे जातो. तसं काही नव्हतं. उपचार करणाऱ्यांसाठी ती फाइल होती, आणि मी त्यांनाच खोटा माल दाखवत होतो.

पाचव्या दिवशी वैशालीने उकड्या तांदळाची पेज आणली. मी कुडाळकडचा, पेज म्हणजे माझं औषध. तिने आधी सिस्टरना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, गिळायला त्रास नसेल तर ताठ बसवून, छोट्या चमच्याने. मग वैशालीने मला विचारलं.

“गिळता येतंय ना नीट?”

“येतंय.”

“नक्की?”

“अगं, पेज आहे. ती काय चावायची आहे?”

तिसऱ्या चमच्याला ती छातीत गेली. पुढचं मला आठवत नाही. वैशालीला सगळं आठवतं.

तिचं मौन

नऊ दिवस आयसीयूत होतो. फुप्फुसात संसर्ग झाला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, नाकात नळी, हातपाय असून नसल्यासारखे. चेहऱ्याच्या नसाही गेल्या होत्या. डोळे मिटता येत होते, तेवढंच.

सिस्टर बिन्सी वॉर्डातून खाली आयसीयूत येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत. इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, “तुम्ही मला सांगायला हवं होतं. मी तुमच्या बाजूची आहे.”

वैशाली रागावली. “दोनदा विचारलं होतं मी,” ती म्हणाली. “माझ्या हाताने भरवली मी ती पेज. माझ्या हाताने.” पुढचे दोन दिवस भेटीच्या वेळेत यायची, चादर सारखी करायची, पायांना तेल लावायची आणि माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी केतकीला म्हणाली, “तू थांब आत. मला नाही बघवत आता.” आणि बाहेर बाकावर जाऊन बसली.

आजारी माणसाच्या घरच्यांना हे सांगतो: असं म्हणावंसं वाटलं तर म्हणा. तिने ते म्हटलं त्या दिवसापासून आमचं बरं व्हायला सुरुवात झाली, असं मला वाटतं.

उरलेला गृहपाठ

केतकी शाळेच्या गणवेशातच आली होती. दप्तरातून तिने माझी जपानीची वही काढली.

“बाबा, तुमचा होमवर्क पेंडिंग आहे. उजवीकडे फक्त तीन आहेत. सेव्हन बाकी.”

मी बघत राहिलो. दुसरं काही करता येत नव्हतं.

“मी विचारते. देकिमास असेल तर डोळे एकदा मिटा. देकिमासेन असेल तर दोनदा. खरं सांगायचं. आईची शपथ.”

मग तिने एकेक विचारलं. नोमु, पिणं. नोमु कोतो गा देकिमास का? दोनदा. ताबेरु, खाणं. दोनदा. हानासु, बोलणं. दोनदा. काकु, लिहिणं. तात्सु, उभं राहणं. आरुकु, चालणं. दोनदा, दोनदा, दोनदा. प्रत्येक वेळी ती खाली मान घालून गोल गोल अक्षरात लिहायची. सात झाले तरी ती थांबली नाही, पान उलटून पुढे गेली. कूस बदलणं. केस बाजूला करणं. माशी हाकलणं.

आयुष्यात पहिल्यांदा मी एका बैठकीत इतके नकार दिले होते. आणि काहीही कोसळलं नाही. मुलगी शेजारी होती, तिने पेनाचं टोपण लावलं आणि पाणी प्यायली.

“आता एक वर्ड ॲड करायचा,” ती म्हणाली. “सेन्सेईंना विचारून आले. प्रत्येकाच्या आधी ‘मादा’ लिहायचं.”

मादा म्हणजे जपानीत अजून. ऐकताना मराठी माणसाला मादी आठवते, ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मला हसू आलं आणि चेहरा हललाच नाही. मी डोळे दोनदा मिटले. तिला कळेना कशाबद्दल. मग तिच्या लक्षात आलं.

“हसता येत नाहीये?”

एकदा, म्हणजे हो.

तिने लिहिलं. मादा, हसणं.

जाता जाता तिने विचारलं, “आई म्हणाली ‘बघवत नाही’. ते काय आहे? बघता येत नाही असंच ना?” मला उत्तर देता येत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी तिने ते सेन्सेईंना विचारलं आणि मला येऊन सांगितलं. जपानीत ‘कोतो गा देकिमास’ हा लांबचा रस्ता झाला, एक जवळचाही आहे. क्रियापदालाच थोडं वळण द्यायचं. नोमु, पिणं, नोमेमास, पिववतं. आरुकु, चालणं, आरुकेमास, चालवतं. आपल्यासारखंच. “मराठीत हे होतं, तर कोणी मला आधी का नाही सांगितलं?” ती म्हणाली. आमच्या घरात ते कोणी मोठ्याने म्हणतच नव्हतं, हे त्याचं खरं उत्तर.

त्या पानाच्या तळाशी तिने आणखी एक ओळ लिहिली होती. ‘आई: मादा, बाबांकडे बघणं.’ वैशालीने ती वाचली. वही मिटून ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “पुन्हा खोटं बोललात ना, तर तुमची ती पेज मी एकटी पिईन.”

सलीमचा कागद

वॉर्डात परत आल्यावर व्यायाम सुरू झाला. फिजिओथेरपिस्ट सलीम, निझवाकडचा ओमानी तरुण. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, “बाबा, आज क्या नहीं कर सकता?”

सगळे विचारतात त्याच्या उलट. मी वैशालीला वही दाखवायला सांगितलं. केतकीने माझ्यासाठी शेजारी मराठीतही लिहिलं होतं, ते वैशालीने हिंदी करून सांगितलं. सलीम वाचल्यासारखा एकेक ओळीवर बोट ठेवत गेला.

“ये बहुत अच्छा कागज है,” तो म्हणाला. “सब लोग बोलता, मैं ठीक है, मैं ठीक है. फिर मैं किधर से शुरू करेगा?”

त्याने यादीतून तीन गोष्टी उचलल्या आणि बाकीच्या झाकून टाकल्या. कूस बदलणं. पलंगाच्या कडेला बसणं. चमचा धरणं. माझी घाई बघून तो एकच बोलायचा, “श्वै श्वै,” हळू हळू. इतकं की वैशालीही म्हणायला लागली. मी चमचा धरायला धडपडलो की दोघं दोन बाजूंनी श्वै श्वै.

ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेल्या पाण्याचा पहिला चमचा सिस्टर बिन्सींनी स्वतः दिला. ते पाणी पिठल्यासारखं लागतं, तरीही मी त्याची चव विसरणार नाही. वैशालीने माझे केस धुतले तो एक दिवस. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या ओमानी आजोबांना त्यांची सून गरम काहवा, म्हणजे इकडची वेलचीची कॉफी, द्यायची, त्याचा वास माझ्यापर्यंत यायचा आणि आजोबा रोज कप उंच करून मला दाखवायचे, लवकर ये म्हणून. अशा वेळी मन भरून यायला एवढं पुरतं.

ऑक्टोबरच्या शेवटी दोन दांड्यांच्या मध्ये मी उभा राहिलो. अकरा सेकंद. सलीम मोजत होता, अरबीत. केतकीने त्या दिवशी वहीत नवीन वाक्य लिहिलं: तातेरु योओ नि नारिमाश्ता. आधी उभं राहता येत नव्हतं, आता यायला लागलं. जपानीत यासाठी वेगळी रचना आहे, आणि पुस्तकात ती पुष्कळ पुढच्या धड्यात आहे. सेन्सेईंनी माझ्यासाठी धडा आधी घेतला.

एक मात्र खरं. रोज नवीन काही यायचं नाही. नोव्हेंबरात सलग नऊ दिवस पानावर काहीच हललं नाही, आणि मी वही भिंतीकडे सरकवली. नऊ दिवसांनी सलीमच्याच लक्षात आलं की मी रुमालाची घडी घालत होतो. कोणी सांगितलं नव्हतं, मलाही कळलं नव्हतं. म्हणून सांगतो, नोंद करायचं काम दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. स्वतःच्या हाताकडे आपलं लक्ष नसतं.

घरी

नोव्हेंबरच्या अखेरीस घरी आलो. दुसऱ्या मजल्यावर मला खुर्चीत बसवून चौघांनी चढवलं. त्यातला एक आमच्या स्टोअरचा फोर्कलिफ्ट चालवणारा राजन, मालवणचा. तो पूर्ण जिना माझ्या वजनाबद्दल बोलत होता.

घरात जे उपयोगी पडलं ते सांगतो. शर्टाची बटणं काढून वैशालीने चिकटपट्ट्या शिवल्या. पाण्यासाठी दोन कानांचा कप. संडासात हाताला धरायला दांडा, तो सगळ्यात आधी लावा, माणूस घरी यायच्या आधी. येणाऱ्या पाहुण्यांना वेळ ठरवून द्या, आणि ‘तुम्ही अगदी बरे दिसता’ म्हणणाऱ्यांना चहा देऊन लवकर पाठवा. थकवा दिसत नाही, पण असतो. मला दुपारी दोननंतर भिंतीसुद्धा जड वाटायच्या.

वैशालीची चिडचिड व्हायची, माझीही. एकदा तिने मोजे घालायला घेतले आणि मी पाय ओढून घेतला. “मला येतं.” “येतं तर घाला.” पंधरा मिनिटं लागली. ती दारात उभी राहून बघत होती, मदत न करता. एक मोजा उलटा गेला. तिने तो तसाच राहू दिला.

जानेवारी

डॉक्टरांनी कामावर जायचं पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, फक्त हलकं काम. आमच्या स्टोअरमध्ये तीन पुरुष उंचीचे रॅक आहेत. शिडी चढणं, माल उतरवून तपासणं, उन्हात आवारात फिरणं, हे स्टोअरकीपरचं रोजचं काम. हलकं काम तिथे नाहीच.

सकाळी राजन मला गाडीने घ्यायला आला. बरक्याच्या रस्त्याला लागलो तसा म्हणाला, “दादा, ह्यो कागद खिशात ठेवा. साहेबान विचारल्यान तर सगळा येता म्हणान सांगा. मगे बघूया.”

“शिडीवरून पडलो तर?”

“तुमका कोण चढवता? मी हंय मा. तुमी फकत होय म्हणा.”

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. आम्ही सगळे असेच टिकलो आहोत. आणि या खेपेला माझ्या एका ‘हो’वर केतकीची परीक्षा उभी होती. गाडीत मी मनात दोन्ही उत्तरं घोळवत होतो.

खालिद साहेबांनी उठून मिठी मारली, काठीकडे बघितलं, बसायला सांगितलं. काहवा आला. मग त्यांनी विचारलं, “तो? सब काम कर सकता?”

राजन दाराशी उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

मी वही काढली. आता पान नवीन होतं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, अक्षर वाकडं. “साहेब, आधी जे येत नाही ते सांगतो,” मी हिंदीत म्हणालो. “शिडी नाही. दोन किलोच्या वर उचलणं नाही. खडीवरून चालणं नाही. दुपारी दोननंतर माझ्यावर काही सोपवू नका, चूक होईल. बसून नोंदी, कॉम्प्युटर, लेबलं तपासणं, हे सगळं येतं. पूर्वीपेक्षा हळू.” मग डॉक्टरांचं पत्र टेबलावर ठेवलं.

साहेबांनी काहव्याचा कप बाजूला सरकवला. मी त्यांना ओळखतो. कप सरकवला की बहुतेक वेळा नाहीच असतं. बाहेर फोर्कलिफ्ट मागे घेतल्याचा पीं पीं आवाज येत होता, आणि मला केतकीचं हॉल तिकीट दिसत होतं.

“पंद्रह साल से मैं इधर मॅनेजर,” ते शेवटी म्हणाले, “कोई आदमी इधर बैठ के मेरे को ‘नहीं’ नहीं बोला. सब बोलता, यस सर, यस सर. फिर मैं रोज नीचे जा के देखता, क्या नहीं हुआ.” त्यांनी पत्र वाचलं. “सीढ़ी कौन चढ़ेगा?”

“मी चढतलंय,” राजन दारातून मालवणीतच म्हणाला. मग जीभ चावून हिंदीत, “मैं, साहेब. मैं चढेगा.”

“तेरे को कौन पूछा?” साहेब म्हणाले, आणि मला म्हणाले, “दो बजे तक. तीन महीने ऐसे चलेगा. बाद में तू अपना कागज फिर से पढ़. खलास.”

तीन महिने. त्यात परीक्षा होऊन निकालाची वाट बघायची वेळही येत होती. बाहेर आल्यावर राजन म्हणाला, “दादा, तुमका येड लागला होता काय? माझो जीव गेलो थंय.” मग गाडीचं दार उघडून धरलं, जे त्याने याआधी कधीच केलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दुपार होती. वैशालीला फोनवर सांगितलं होतं, तरी तिने दारातच पुन्हा सगळं विचारलं, शब्दाला शब्द. मग म्हणाली, “बाल्कनीत या जरा.”

बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीमागे रिकामे खोके होते. सुपरमार्केटमधून आणलेले, मोठे, एकात एक बसवलेले, भिंतीपर्यंत. डिसेंबरभर ती एकेक करून आणत होती, सामान बांधायला. मला नाही सांगितलं, केतकीलाही नाही. बाल्कनीत जायला उंबरा असल्यामुळे मी तिकडे गेलोच नव्हतो.

“वॉचमनला देऊन टाकते,” ती म्हणाली, आणि एका खोक्याची चिकटपट्टी जोरात ओढली.

आतून केतकीचा आवाज आला, “आई, प्लीज! उद्या प्री-बोर्ड आहे!”

आम्ही दोघं थांबलो. वैशालीने बाल्कनीचं दार लोटून घेतलं. मग मी स्टुलावर बसून नखाने चिकटपट्टीचं टोक सोडवायचो, आणि ती हळूच, अजिबात आवाज न होऊ देता, एकेक खोका चपटा करून ठेवायची.